निवृत्तीच्या उंबरठ्यावरची भटकंती : बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी आराखडा

"रिटायर झालो की मग निवांत फिरू," हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. पुढं काय होतं तेही आपण बघतोच. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं आणि दुसऱ्याच दिवसापासून पेन्शनच्या कागदांची धावपळ सुरू होते. मग घराची डागडुजी निघते, लेकीचं बाळंतपण येतं, नातवंडाला सांभाळायला पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जावं लागतं. त्यातून मोकळं होईतो गुडघे कुरकुरायला लागलेले असतात. फिरायची इच्छा सगळ्यांनाच असते. घराबाहेर पडायची सवय मात्र नोकरीतल्या तीस-पस्तीस वर्षांत मोडलेली असते, आणि ती साठीनंतर एकदम लागत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की निवृत्तीच्या तारखेच्या तीन वर्षं आधी भटकंती सुरू करा. लांबच्या यात्रा कंपनीच्या जाहिरातीपासून सुरुवात करू नका. घरापासून तासाभराच्या अंतरावरून करा आणि हळूहळू टप्पा वाढवा. कर्नाटक सरकारच्या आणि केंद्राच्या नोकरीत निवृत्तीचं वय साधारण ६० आहे, भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन ५८ ला सुरू होते. त्या आकड्यातून तीन वजा करा, ते तुमचं सुरुवातीचं वर्ष. शेती, दुकान किंवा मागाचा व्यवसाय असेल तर निवृत्तीची तारीख कुणी देत नाही. ती आपणच ठरवायची आणि मुलाला, सुनेला स्पष्ट सांगायची, म्हणजे हिशेबाची वही कधी हातात घ्यायची हे त्यांनाही कळतं.

दोन याद्या, वेगवेगळ्या बसून

एक साधी वही घ्या. नवरा-बायको दोघांनी आपापल्या दोन याद्या करायच्या, एकमेकांची न बघता. पहिली आवडत्या जागांची, जिथं पुन्हा जावंसं वाटतं. दुसरी राहून गेलेल्या जागांची, ज्यांचं नाव आयुष्यभर ऐकलं पण पाय लागले नाहीत. वेगळं बसायचं कारण असं, की एकत्र बसलं की एकाचं मन दुसऱ्याच्या यादीत वाहून जातं. बाईच्या यादीत बहुधा माहेरचं गाव, लहानपणीची जत्रा, मैत्रिणीचं घर असतं. पुरुषाच्या यादीत गड आणि धबधबे. दोन्ही याद्या तितक्याच मोलाच्या आहेत.

मग एक शिस्त पाळा. एका महिन्यात नवी जागा, पुढच्या महिन्यात आवडती. नव्या जागेला तयारी लागते, चुकामूक होते, दमायला होतं. आवडत्या जागी डोकं शांत राहतं. दोन्ही आलटून पालटून केलं की उत्साह टिकतो.

आवडत्या जागी मात्र वेळ बदलून जा. बेळगावचा किल्ला घ्या. किल्ला तलावावरून आपण शेकडो वेळा गेलो असू. पण आतल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन देवळात, छताकडं मान वर करून दहा मिनिटं उभे राहिलेले किती? १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं ही बस्ती बांधली. मंडपाच्या मधोमध दगडाचं कमळ छतातून खाली उतरलेलं आहे. सकाळी ऊन तिरपं आत येतं तेव्हा पाकळ्यांच्या कडा एकेक करून उजळतात आणि कोरीवकाम किती खोल आहे ते समजतं. भर दुपारी हेच सपाट दिसतं. त्याच आवारात सफा मशीद आहे, रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. विवेकानंद १८९२ मध्ये बेळगावला येऊन राहिले होते. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आणि वीरसौध आहे. १९२४ च्या अधिवेशनाची ती खूण. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून एकाच अधिवेशनात बसले आणि ते आपल्या गावात. तुमच्या पहिल्या महिन्याची सहल एवढीच असू द्या. गाडीही काढायला लागत नाही.

अंगाची तयारी

याला तीन महिने द्या. रोज सकाळी अर्धा तास सपाटीवर चालायला सुरुवात करा. व्हॅक्सिन डेपोची झाडी, तुमच्या गावचा शिवार रस्ता, कुठंही. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दुसऱ्या महिन्यात चढ घ्या, तिसऱ्यात पायऱ्या. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला घाबरतात, पण गुडघ्याला खरा त्रास उतारावर होतो. म्हणून उतरायचा सराव वेगळा करा. पावलं छोटी टाकायची, गुडघा थोडा वाकलेला ठेवायचा, हातात काठी घ्यायची. काठी घ्यायला साठी उलटावी लागत नाही. ती पन्नाशीतच हाताला सवयीची झाली तर पुढं फार उपयोगी पडते.

तयारी जोखायला येळ्ळूरचा राजहंसगड उत्तम. वरपर्यंत रस्ता आहे, त्यामुळं मध्येच थांबायची मुभा राहते. पहिल्या वेळी गाडी निम्म्या वाटेवर लावून चाला, पुढच्या वेळी पायथ्यापासून. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, २०२३ पासून शिवरायांचा भव्य पुतळाही आहे, आणि चौफेर नजर टाकली की बेळगावचा सगळा पसारा कळतो. घाम येऊन नाडी वाढते ती पाच-सात मिनिटांत पूर्ववत होते का, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो का, एवढं बघा. छातीत दडपण आलं, डाव्या हातात कळ गेली किंवा जिन्यावरही धाप लागायला लागली, तर भटकंती थांबवून आधी डॉक्टरांकडं.

साखरेचा आजार असलेल्यांनी खिशात साधी साखर नाहीतर ग्लुकोजची पुडी ठेवावी. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं विश्रांती आणि बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. त्यावेळी कुंदा किंवा पेढा चालत नाही. खव्यातल्या स्निग्धांशामुळं साखर रक्तात उशिरा पोचते. इन्सुलिन बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती महत्त्वाची आहे, ती म्हणजे माकडताप. खानापूर, चंदगड, दोडामार्ग, सत्तरी या पट्ट्यात तो आढळलेला आहे. गोचिडीमुळं पसरतो आणि डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत धोका जास्त. जंगलात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, पॅंट मोज्यात खोचलेली. वाळक्या पाल्यावर पथारी पसरायची नाही. घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करून कपडे धुवायला टाकायचे, काखेत आणि गुडघ्यामागं गोचीड बघायची. मेलेलं माकड दिसलं तर त्या वाटेनं जायचंच नाही, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. जंगलातून आल्यावर पुढच्या एक-दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना "मी रानात गेलो होतो" हे आपणहून सांगायचं. हे सांगितलं नाही की साधा ताप समजून दिवस जातात.

पाऊस बघून वर्ष मांडायचं

आपल्या जिल्ह्याची गंमत अशी आहे की पश्चिमेला कणकुंबी-आमगावकडं पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पूर्वेला अथणीकडं शेतकरी आभाळाकडं डोळे लावून बसलेला असतो. एकाच जिल्ह्यात मलनाड आणि कोरडवाहू रान. म्हणजे कुठल्याही महिन्यात कुठंतरी जायला योग्य हवा असतेच, फक्त दिशा बदलायची.

जून ते सप्टेंबर पूर्वेकडं. घटप्रभेचा गोकाक धबधबा साधारण ५२ मीटर उंचीवरून पडतो. पश्चिमेला पाऊस झाला की नदी तांबूस होऊन फुगते आणि धबधब्याचा आवाज बराच अलीकडून ऐकू येतो. पलीकडच्या काठावर जुन्या गिरणीची इमारत, नदीवरचा झुलता पूल, चालुक्यकालीन महालिंगेश्वराचं देऊळ. पूल कधी चालू असतो कधी बंद, तिथं गेल्यावर विचारायचं आणि काठावरच्या शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवायचा नाही. त्याच दिवशी गोडचिनमलकीचा धबधबाही होतो. ते पाणी मार्कंडेयाचं, म्हणजे राकसकोपला अडवून बेळगावच्या नळाला येतं त्याच नदीचं. येताना गोकाकची करदंट ही मिठाई घ्या.

याच दिवसांत चोर्ला आणि आंबोली हिरवीगार असते, पण धुकं, दरडी आणि रविवारची झुंबड असते. आंबोलीला जायचं तर मधल्या वारी जा. नोकरीत असताना एखादी किरकोळ रजा बुधवारी टाका. रविवारी ज्या धबधब्याजवळ गाडी लावायला जागा नसते तिथं बुधवारी तुम्ही आणि चहावाला एवढेच असता.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आपल्या भागाचा सगळ्यात देखणा काळ. पाणी वाहतं, वाटा वाळलेल्या, भात पिवळं पडायला लागलेलं. कणकुंबी, जांबोटी, हलशी, नंदगड तेव्हाच. हलशीला वेळ काढून जा. कदंबांच्या काळी हे राजधानीचं नगर होतं. १२ व्या शतकातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आजही उभं आहे आणि त्यात समोरासमोर दोन गाभारे आहेत. एका गाभाऱ्यात उभं राहिलं की दुसरा देव नजरेस पडतो. अशी मांडणी फारशी कुठं दिसत नाही. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. २६ जानेवारी १८३१ ला त्याला तिथं फाशी दिलं. कित्तूरचा उत्सव २३ ऑक्टोबरच्या सुमारास भरतो. गर्दी आवडत असेल तर तेव्हा, नसेल तर पुढच्या आठवड्यात किल्ला आणि संग्रहालय निवांत बघता येतं.

डिसेंबर ते फेब्रुवारी लांबच्या प्रवासाला, आणि चंदगडच्या गडांना. शिनोळीची हद्द ओलांडली की महिपाळगड, पायथ्याशी वैजनाथाचं देऊळ, पुढं पारगड. पारगडावर आजही वस्ती आहे आणि तानाजी मालुसऱ्यांचे वंशज तिथं राहतात. गडाला पायऱ्या आहेत, म्हणून तीन महिन्यांचा सराव झाल्यावरच. निपाणी, सदलगा, चिकोडीकडच्यांनी याच दिवसांत खिद्रापूर करावं. कोपेश्वराचा स्वर्गमंडप वरून गोल उघडा आहे, भोवती ४८ खांब, आणि खाली उभं राहिलं की आभाळाचा वाटोळा तुकडा डोक्यावर येतो. जवळच नरसोबाची वाडी, कृष्णाकाठचं यडूर. या तिन्हींना मिळून मुक्कामासह दोन दिवस द्या. एका दिवसात उरकलं तर फक्त चपला काढल्या आणि घातल्या एवढंच आठवतं.

थंडीतच सीमाभागातल्या गावागावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, माचीगड, कारदगा. सकाळची ग्रंथदिंडी, गावच्या बायकांनी घातलेल्या रांगोळ्या, पंगतीचं जेवण. बेळगावात राहून ज्यांनी यातलं एकही बघितलं नाही असे पुष्कळ आहेत. एका हिवाळ्यात दोन तरी करा. इतक्या सहज इतक्या ओळखी दुसरीकडं होत नाहीत, आणि पुढच्या भटकंतीचे सोबतीही तिथंच भेटतात.

डिसेंबरबद्दल एक सूचना. सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू असलं की बेळगावातली लॉज भरतात आणि हमरस्त्यावर अडवाअडवी होते. त्या दिवसांत पाहुणे बोलवू नका. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस हद्दीवर थांबतात, तेव्हा मिरजमार्गे रेल्वे हाताशी ठेवा.

मार्च ते मे पहाटे निघायचं, अकराच्या आत सावलीत. करवंदं, जांभळं, काजू, फणस यांच्यासाठी खानापूरची बाजू. बाकी उन्हाळा याद्या सुधारायला आणि आरक्षणं करायला ठेवा.

बस, रेल्वे, गाडी

कर्नाटकाच्या परिवहन बसमध्ये राज्यातल्या ६० वर्षांवरच्या नागरिकांना तिकिटात २५ टक्के सवलत आहे. जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या आणि जलद बसमध्ये फुकट प्रवास. आधार कार्ड दाखवायचं आणि शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचं, ते उतरेपर्यंत जपायचं. राजहंस, वातानुकूलित आणि स्लीपर गाड्यांना ती लागू नाही, राज्याबाहेर जाणाऱ्या गाड्यांनाही नाही. म्हणजे बेळगावहून सौंदत्ती, बदामी, कुडलसंगमपर्यंत बाईचा प्रवास फुकट. घरातल्या वहिनींनी, काकूंनी तीन-चार जणी मिळून निघायला याहून सोपी सोय नाही.

बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. बोलता येतं पण वाचता येत नाही अशी आपल्यातल्या पुष्कळांची स्थिती आहे. निवृत्तीआधीच्या वर्षात नातवाच्या अंकलिपीवरून अक्षरं शिकून घ्या. बाराखडीची मांडणी आपल्यासारखीच असल्यानं रोज पंधरा मिनिटं दिली तर दोन महिन्यांत पाटी वाचता येते. मग बसस्थानकावर प्रत्येक गाडीपाशी जाऊन विचारायचं थांबतं, आणि अनोळखी तालुक्यात उतरताना धाकधूक राहत नाही.

रेल्वेत ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. खालच्या बर्थचा राखीव कोटा मात्र आहे, पुरुषांना ६० आणि बायकांना ४५ वर्षांपासून. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा वय बरोबर भरायचं. लोंढ्याहून कॅसलरॉक, दूधसागर, कुळे हा घाट रेल्वेच्या खिडकीतून बघायलाच हवा. चढ इतका उभा आहे की गाडीला जादा इंजिनं जोडतात. पण रुळावरून चालत दूधसागरला जाण्याला रेल्वेची बंदी आहे आणि ती पाळायचीच. खिडकीतून जे दिसतं ते पुरेसं आहे.

स्वतःची गाडी असेल तर परवाना बघा. ५५ नंतर तो एका वेळी ५ वर्षांपुरताच वाढतो आणि सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. मुदत संपायच्या वर्षभर आधी अर्ज करता येतो. अंधार पडल्यावर घाटात गाडी चालवायची नाही, हा नियम आत्ताच करून टाका. डोळ्याला समोरचा दिवा झोंबायला लागला असेल तर मोतीबिंदू तपासून घ्या. भीमगड अभयारण्याच्या बाजूला जायचं झालं, वज्रपोहा किंवा जंगलातला दुसरा कुठला धबधबा मनात असला, तर आधी खानापूरच्या वनकार्यालयात विचारा. पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी जाऊ देत नाहीत.

पैशाची वेगळी पिशवी

भटकंतीचे पैसे घरखर्चात मिसळले की आधी तेच कापले जातात. म्हणून वेगळं खातं काढा आणि नोकरीची शेवटची तीन वर्षं त्यात दरमहा ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत टाका. निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे गुंतवले तर व्याज दर तिमाहीला हातात येतं. ६० पूर्ण झालेल्यांना, आणि सेवानिवृत्त झाल्यास ५५ नंतरही, तिथं ३० लाखांपर्यंत गुंतवता येतात. त्यातला एक ठरलेला भाग फिरण्याचा. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे आल्याआल्या परदेशी सहलीवर किंवा मुलाच्या फ्लॅटवर घालू नका. सहा महिने बँकेत राहू द्या आणि मग ठरवा.

एक नदी, शेवटपर्यंत

आता माझ्या मनातली सगळ्यात जवळची गोष्ट. सुटी ठिकाणं बघून झाली की एक मोठं काम हाती घ्या, वर्षभर पुरेल असं. माझी शिफारस मलप्रभेची. कणकुंबीला उगवून कुडलसंगमला कृष्णेला मिळेपर्यंत ही नदी ३०० किलोमीटरच्या आसपास वाहते. ती आपल्या अंगणातली आहे आणि तिच्या काठानं गेलं की सीमाभागाचं रान, देवळं, धरण, इतिहास सगळं ओळीनं भेटतं. नदी संगमापर्यंत बघायची असं ठरलं की पुढच्या टप्प्याची ओढ आपोआप राहते.

पहिला टप्पा कणकुंबी. चोर्ल्याकडं जाणाऱ्या बसनं उतरायचं. माउलीचं देऊळ, रामेश्वर, आणि कुंडातलं पाणी. ते इतकं थोडं असतं की पुढं त्यावर धरण होतं हे पटत नाही. कुंडाकाठी अर्धा तास बसा, घाई करू नका. पुढं जांबोटीजवळ हब्बनहट्टीचा स्वयंभू मारुती. पावसाळ्यात नदी चढली की देऊळच पाण्यात जातं. म्हणून इथं दोनदा जायचं, एकदा पुराच्या दिवसांत रस्त्यावरूनच पाणी बघायला आणि एकदा हिवाळ्यात दर्शनाला. एकाच जागेची दोन रूपं बघितली की नदीचा स्वभाव कळतो. कणकुंबी आणि हब्बनहट्टी एका दिवसात होतात.

दुसरा टप्पा असोगा आणि खानापूर. असोग्याला नदी खडकांमधून वाहते, काठावर रामलिंगेश्वर. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि दहीभात बांधून न्या, दुपार तिथंच काढा. पाण्यात उतरायचं नाही, खडकांत डोह आहेत. खानापूरकरांना यात नवीन काही नाही असं वाटेल. त्यांनी आपल्या शाळेच्या दिवसांतले मित्र जमवून जावं.

तिसरा एम. के. हुबळी. महामार्गावरून जाताना पूल ओलांडतो आणि पुढं निघून जातो. या वेळी उतरायचं. नदीपात्रात गंगांबिकेचा ऐक्यमंडप, म्हणजे समाधी, आहे. बसवेश्वरांची ही पत्नी, आणि संगमाला बसवेश्वरांचा ऐक्यमंडप. आपल्या नदीच्या वाटेवर दोघंही आहेत हे लक्षात ठेवून पुढं चला.

चौथा मुनवळ्ळी, सौंदत्ती, नविलतीर्थ. यल्लम्माचा डोंगर आपल्या घरोघरी ओळखीचा आहे, पण बहुतेकजण मार्गशीर्ष किंवा माघ पौर्णिमेच्या गर्दीत जातात आणि दर्शन घेऊन परततात. पौर्णिमा, मंगळवार, शुक्रवार सोडून जा. देवीला ओटी भरा, मग सौंदत्तीचा किल्ला बघा, आणि दुपार उतरताना नविलतीर्थाचं धरण. दोन डोंगरांच्या खिंडीत नदी अडवलेली आहे. कणकुंबीच्या कुंडात ओंजळीएवढं बघितलेलं पाणी इथं नजर पोचत नाही इतकं पसरलेलं दिसतं. इथं एक मुक्काम करा. घरापासून लांब झोपायची ही पहिली चाचणी. औषधं वेळेवर घेतली का, रात्री बाथरूमला जाताना अंधारात ठेचकाळलात का, अनोळखी अंथरुणावर पाठ धरली का. छोटी बॅटरी, आपली उशी आणि घट्ट बसणारी चप्पल यांनी निम्मे प्रश्न सुटतात.

पाचवा टप्पा बदामी मुक्काम धरून तीन रात्रींचा. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी बदामीची लेणी सकाळी पहिल्या तासात करावीत, पायऱ्या पुष्कळ आहेत आणि माकडं हातातली पिशवी ओढतात. पट्टदकल्ल सपाटीवर आहे, दिवसभर फिरलं तरी दमायला होत नाही. मलप्रभा इथं उत्तरेकडं वळते. पल्लवांवरच्या विजयाची आठवण म्हणून राणी लोकमहादेवीनं ८ व्या शतकात विरूपाक्षाचं देऊळ उभारलं. १९८७ पासून हा समूह जागतिक वारशाच्या यादीत आहे. ऐहोळेला मेगुती टेकडीवर ६३४ सालचा रविकीर्तीचा शिलालेख आहे, दुसऱ्या पुलकेशीच्या पराक्रमाचा. महाराष्ट्राच्या इतिहासात शाळेत शिकलेलं नाव इथं दगडावर भेटतं. इथं वाटाड्या घ्याच, त्याशिवाय देवळांची नुसती रांग दिसते. वाटेत अमीनगडचा करदंट मिळतो. गोकाकचा घेतला असेल तर दोन्ही चाखून बघा.

सहावा कुडलसंगम. संगमनाथाचं देऊळ आणि पाण्याच्या मधोमध विहिरीसारखं बांधकाम करून जपलेला बसवेश्वरांचा ऐक्यमंडप. पायऱ्या उतरून आत जावं लागतं, कठडा धरून उतरा. राहायची आणि दासोहाच्या, म्हणजे अन्नछत्रातल्या, जेवणाची सोय आहे. इथं कृष्णेच्या पाण्यात हात बुडवाल तेव्हा त्यात कणकुंबीचंही पाणी असतं.

प्रत्येक टप्प्याला वहीत चार ओळी लिहा. पाणी किती होतं, कोण भेटलं, काय खाल्लं, पुढच्या वेळी काय न्यायचं. फोटो फोनमध्ये हरवतात.

निपाणी-चिकोडीकडच्यांना हाच प्रयोग वेदगंगा-दूधगंगेचा करता येईल, गोकाककरांना घटप्रभेचा.

घर मागं ठेवून जाताना

साठीला आलेल्या पुष्कळांच्या घरी पंच्याऐंशीची आई किंवा वडील असतात. निघणं अडतं ते बहुधा तिथंच. भावा-बहिणींची बैठक घ्या आणि वर्षाच्या तारखा आधी वाटून घ्या. ऐन वेळी विचारलं की कुरबूर होते, जानेवारीतच ठरवलं की कुणाला जड जात नाही. आईच्या औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर आणि दवाखान्याची फाईल दाराजवळच्या कपाटात ठेवा. बहिणीला एक-दोन रात्री आधी राहायला बोलवा, म्हणजे आईला ती सोबत सवयीची होते. शेजाऱ्यांकडं किल्ली, दूधवाल्याला निरोप, गॅस बंद.

सोबत कुणाची?

चार ते सहा जण, त्याहून जास्त नाहीत. चालण्याचा वेग सारखा असलेले. खर्चाचा हिशेब एकानं ठेवायचा आणि परतीच्या बसमध्येच मिटवायचा. भजनी मंडळ, बचत गट, शाळेची बॅच यांतून गट लवकर जमतो.

जोडीदाराला फिरण्याची आवड नसते, हेही होतं. हट्ट करू नका. आपण गटाबरोबर जा आणि त्यांच्या यादीतल्या जागांना त्यांच्याबरोबर. तिची यादी माहेरच्या गावच्या जत्रेची असेल तर तिथं चार दिवस राहा, तिच्या मैत्रिणींच्या घरी चहाला जा, तिच्या शाळेच्या आवारात तिच्याबरोबर फिरा. त्यांना देवदर्शनाखेरीज कशात रस नसेल तर मलप्रभेची वाट कणकुंबीच्या माउलीपासून संगमनाथापर्यंत देवळांचीच आहे. आणि एकट्यानं जायची वेळ आली तर पहिल्या दोन वेळा दिवसाउजेडी परत येता येईल अशी जागा निवडा, कुठल्या बसनं निघालो ते घरी कळवा, आणि रोज ठरलेल्या वेळी एक फोन करा.